हात बसायला वेळ लागतो

पहाटे पाचला नागपुरातून अमरावती रोडवर वाडीच्या पुढे निघालं की रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं भेटतात. पंधरा-वीस जणांचा घोळका असतो, पुढच्याने मोबाइलवर घड्याळ लावलेलं असतं. मिलिट्री भरतीत १,६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण ६० गुण, त्यापुढच्या पंधरा सेकंदांत ४८. त्यांतला एक आमच्या कॉलनीमागे खोली करून राहतो, गाव पुलगावजवळचं. परवा चहाच्या टपरीवर भेटला. "काका, दोन वर्षं झाली पळून राहिलो. पाच चाळीसवर आलो. अजून दहा सेकंद काढाचे आहेत," म्हणाला. या दहा सेकंदांना कदाचित आणखी एक वर्ष लागेल हे त्याला ठाऊक आहे.

ही पोरं जिथून परत फिरतात तिथून अंबाझरीची आयुध निर्माणी लांब नाही. आमच्याकडे तिला नुसतं 'डिफेन्स' म्हणतात. माझे मामा तिथे फोर्ज शॉपमध्ये होते. तापलेला पोलादाचा ठोकळा प्रेसखाली नेमका कधी सरकवायचा हे त्याच्या रंगावरून कळतं, आणि तो रंग ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो, असं ते सांगायचे. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिल चालू असताना, मामा रविवारीही कामावर जात. तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, एवढं काम आहे तर नवी माणसं का घेत नाहीत? ते म्हणाले, "घेतली तरी हात बसायला वेळ लागतो."

युक्रेनच्या युद्धाच्या बातम्या वाचताना मामांचं ते वाक्य मला वारंवार आठवत आलं आहे. युद्धात सैन्याला दोन गोष्टी कमी पडतात, गोळे आणि माणसं. दोन्हींची वाण युद्धाच्या कितीतरी वर्षं आधी पडलेली असते. युद्ध सुरू झाल्यावर सरकार पैसा उभा करू शकतं, परदेशातून खरेदी करू शकतं, कायदे बदलू शकतं. हात बसलेला कामगार आणि मुरलेला शिपाई यांची मात्र तातडीने खरेदी होत नाही. आपल्या देशात संरक्षणाची चर्चा विमानं आणि क्षेपणास्त्रांभोवती फिरते. या दोन माणसांबद्दल आपण फार कमी बोलतो, आणि ते मला धोक्याचं वाटतं.

युक्रेनचंच बघा. २०२४ च्या सुरुवातीला दीड हजार किलोमीटरच्या आघाडीवर युक्रेनला दिवसाला जेमतेम दोन हजार गोळे डागता येत होते, रशियाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देण्याचं वचन दिलं. श्रीमंत देश, पैसा हाताशी, इच्छाही होती. वर्षाच्या शेवटी दिले गेले ते साधारण निम्मे. अमेरिका युद्धापूर्वी १५५ मिलिमीटरचे महिन्याला १४ हजार गोळे बनवत होती. एवढ्या मोठ्या देशाचं महिन्याचं उत्पादन युक्रेनच्या आघाडीवर काही दिवसांत संपत होतं. शीतयुद्ध संपल्यावर या देशांनी कारखाने बंद केले, माणसं घरी पाठवली. तीस वर्षांनी कारखान्याचं कुलूप काढता आलं, पण आत उभं राहायला माणसं नव्हती.

माणसांच्या बाबतीत दोन्ही बाजूंचे हाल झाले. रशियाने २१ सप्टेंबर २०२२ ला तीन लाख लोकांना बोलावण्याचा हुकूम काढला. बोलावलेल्यांच्या घरच्यांनी बाजारातून चिलखती जाकिटं आणि प्रथमोपचाराचं सामान विकत घेऊन दिल्याच्या बातम्या आल्या. तुरुंगांतूनही भरती झाली, भरतीचं एकरकमी बक्षीस वाढवावं लागलं. आणि त्या भुकेचं एक टोक आपल्याकडे पोचलं. मदतनीसाची नोकरी देतो असं सांगून भारतातल्या तरुणांना रशियाला नेलं, तिथे त्यांना थेट आघाडीवर ढकललं, काही जण मेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला. एका परक्या देशाची तयारी कमी पडली, त्याची किंमत इथल्या बेकार पोरांनी मोजली. युक्रेनलाही एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ वर आणावं लागलं.

आता आपल्या दाराशी येऊ. तोफेचा एक गोळा विदर्भात कसा तयार होतो, हे नागपूरकरांनाही फारसं माहीत नसतं. त्याचं पोलादी कवच अंबाझरीत घडतं. स्फोटकं आणि प्रणोदक, म्हणजे गोळा नळीतून पुढे फेकणारी दारू, बनवणारी निर्माणी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आहे. भद्रावतीच्या चांदा निर्माणीत कवचात दारू भरली जाते. आणि तयार माल साठवायचा तो वर्धा जिल्ह्यात पुलगावला, देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारात. नागपूरपासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या घेऱ्यात हे सगळं आहे. इतकी मोठी साखळी एका प्रदेशात असूनही आपल्याकडे ती वर्तमानपत्रात येते ती अपघात झाला की. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर पुलगावला आग लागली, दोन अधिकाऱ्यांसह १९ जण गेले, त्यांत बरेचसे आग विझवायला धावलेले अग्निशामक दलाचे लोक होते. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन ८ जणांचा जीव गेला. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या एका खासगी स्फोटक कारखान्यात ९ जण मेले, त्यांत ६ बायका. आसपासच्या खेड्यांतून कामाला येणाऱ्या. सीमेवर मेलेल्याला तिरंग्यात गुंडाळून आणतात आणि ते योग्यच आहे. या बायकांच्या हातून गेलेला माल त्याच सीमेसाठी होता, त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना आठवतात?

हे कारखाने इथे आले कसे, यालाही इतिहास आहे. १९६२ च्या चीन युद्धात नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, डोंगरात आपले जवान जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन लढले. एकेक गोळी झाडल्यावर बोल्ट ओढायचा, समोर स्वयंचलित हत्यारं. गरम कपडे पुरेसे नव्हते, बर्फात कॅनव्हासचे बूट घालून माणसं उभी होती. कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं आपण अभिमानाने म्हणतो. त्या धावण्याचा खरा भाग पुढच्या वर्षांत घडला. सैन्य वाढवलं, डोंगरी लढाईच्या डिव्हिजन उभ्या केल्या, नवे कारखाने काढले. भंडारा १९६४, अंबाझरी १९६६. म्हणजे वाडीजवळचा हा कारखाना १९६२ च्या पराभवाला दिलेलं उत्तर आहे. मामा त्या कारखान्यात लागले तेव्हा त्यांना शिकवणारे लोक आधी जबलपूर-खडकीच्या जुन्या निर्माण्यांत घडलेले होते. एका पिढीने दुसरीचा हात बसवला.

त्यानंतर आपण शहाणे झालो असं म्हणावं तर पुढची वर्षं तसं म्हणू देत नाहीत. १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला, लाचेचं प्रकरण निघालं, आणि तोफ खरेदी करण्याचीच सगळ्यांना भीती बसली. त्यानंतर मोठी नवी तोफ सैन्यात आली ती ९ नोव्हेंबर २०१८ ला, नाशिकजवळ देवळालीत. बत्तीस वर्षं. मधल्या काळात कारगिल झालं, त्याच बोफोर्सने अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब आणि रॉकेटांच्या त्या माऱ्यात मुख्य काम केलं, आणि सेनाप्रमुख जनरल मलिक यांना जाहीरपणे सांगावं लागलं की जे आहे त्यानिशी लढू. २०१२ मध्ये तेव्हाचे सेनाप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांचं पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र फुटलं, त्यात रणगाड्यांकडे महत्त्वाचा दारूगोळा नसल्याचं लिहिलं होतं. सरकार बदललं. महालेखापरीक्षकांनी (कॅग) २०१७ मध्ये सांगितलं की तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकार घनघोर लढाईचे दहा दिवसही पुरणार नाहीत. साठा चाळीस दिवसांचा हवा असा नियम होता. २०२० च्या अहवालात तर सियाचिनसारख्या उंचीवरच्या जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांची तूट ६२ ते ९८ टक्के निघाली. मी हे दोन पक्षांची उणीदुणी काढायला लिहीत नाही. दोन्हींच्या काळात एकच गोष्ट घडली, ती दाखवायला लिहितो. उरीच्या हल्ल्यानंतर सेनेच्या उपप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले, साठा पुष्कळ सुधारला, हेही खरं आहे. पण सुधारणेला उरी का लागावी?

१ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या. त्यांतल्या यंत्र इंडिया लिमिटेडचं मुख्यालय नागपुरातच आहे. कामगार संघटनांनी विरोध केला, संपाची हाक दिली, सरकारने संपबंदीचा कायदा आणला. माझं मत इथे घरच्यांना आवडलं नाही, तरी सांगतो. जुनी व्यवस्था तशीच चालवणं शक्य नव्हतं. निर्माण्यांच्या मालाच्या दर्जाबद्दल सैन्याच्या तक्रारी होत्या, आणि खराब गोळा आपल्याच तोफेच्या नळीत फुटला तर आपलाच गोलंदाज मरतो. खासगी कारखान्यांचंही स्वागत आहे. नागपूरच्याच कंपनीने शंभर वर्षं जुन्या रचनेच्या हातबॉम्बच्या जागी नवा हातबॉम्ब दिला, जून २०२४ मध्ये नागास्त्र नावाच्या आत्मघाती ड्रोनचे १२० नग सैन्याला सोपवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका रॉकेटांच्या १०,१४७ कोटींच्या ऑर्डरमध्ये तिचा वाटा आहे. या शहरातून हे होतं आहे याचा मला आनंद आहे.

माझा मुद्दा मालकीच्या पुढचा आहे. मालक सरकार असो की शेठ, ऑर्डर एक वर्ष भरपूर आणि पुढची दोन वर्षं काहीच नाही अशी आली तर कारखाना काय करेल? कायम माणूस ठेवणार नाही. ठेकेदाराकडून माणसं घेईल, काम संपलं की सोडून देईल. मग प्रेससमोर, दारू भरण्याच्या टेबलासमोर दरवर्षी नवा माणूस उभा. स्फोटकांच्या कामात नवखेपणाची किंमत काय असते ते वर सांगितलंच. म्हणून दारूगोळ्याची मागणी दहा-दहा वर्षांची, ठरलेल्या किमान आकड्याची असली पाहिजे. शांततेत त्या कारखान्यातून गरजेपेक्षा थोडं जास्त निघालं तर निघू द्या. जुना साठा सरावात वापरून टाका, मित्रदेशांना विका. त्या जादा खर्चात आपण हात बसलेली माणसं विकत घेत असतो.

आणि आता ती पळणारी पोरं.

करोनाच्या काळात २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी दोन वर्षं सैन्यात शिपायांची भरती झाली नाही. मैदानी चाचणी आणि मेडिकल पास झालेली पोरं लेखी परीक्षेची वाट बघत राहिली, वय निघून गेलं. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना आली, चार वर्षांची सेवा आणि नंतर चौघांतला एकच कायम, आणि ती अडकलेली भरतीच रद्द झाली. आमच्या भागात अशी पोरं मी पाहिली आहेत. एक आता ऑटो चालवतो, पहाटे पळणाऱ्यांना थांबून श्वास कसा घ्यायचा ते सांगतो. त्याच्याकडे बघितलं की मला वाईट वाटतं आणि रागही येतो. इकडे ही पोरं बाहेर, आणि २०२४ च्या मध्यापासूनचे अधिकृत आकडे अधिकारी व जवान मिळून सैन्यात एक लाखाहून जास्त जागा रिकाम्या असल्याचं सांगतात.

अग्निपथला विरोध करणारे बहुतेक जण पेन्शनवर बोट ठेवतात. पेन्शनचा प्रश्न खोटा नाही. २०२५-२६ च्या ६ लाख ८१ हजार कोटींच्या संरक्षण अंदाजपत्रकात १ लाख ६० हजार कोटींहून जास्त पेन्शनचे आहेत, आणि सेनादलांचा एकूण भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी. सैन्य तरुण असावं हेही बरोबर. कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीनेच १७ वर्षांची सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी असं सुचवलं होतं. समितीने सात ते दहा सुचवली, आपण चार केली. त्यातले पहिले कित्येक महिने प्रशिक्षणात जातात, सुट्ट्या वजा करा, शेवटचं वर्ष टिकणार की घरी जाणार या काळजीत. तोफखान्यात, रणगाड्यावर, सिग्नल्समध्ये हात बसेपर्यंत जायची वेळ येते. ज्यांना वाटतं की ड्रोनमुळे आता माणसं कमी लागतील त्यांनी युक्रेनच्या खंदकांकडे पाहावं. तिथे ड्रोन चालवणाराही सरावाने तयार होतो, आणि मेला की त्याची जागा भरायला दुसरा तयार करावा लागतो.

घाईने फुगवलेल्या सैन्याचं काय होतं ते या देशाने एकदा पाहिलं आहे. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेलं. सुरुवातीच्या वर्षांत जुन्या पलटणींतले अनुभवी अधिकारी, हवालदार, नाईक काढून नव्या पलटणींना दिले. जुन्या पोकळ झाल्या, नव्या कच्च्या राहिल्या. मलायात जपान्यांसमोर अशाच पलटणी उभ्या केल्या आणि १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. पुढे ब्रह्मदेशात तेच सैन्य जिंकलं, पण मधली दोन वर्षं त्याला पुन्हा शिकवावं लागलं. ब्रिटिशांना माघार घ्यायला आसाम होता, वेळही होता. आपल्याला लडाखमध्ये किंवा जम्मूत दोन वर्षं कोण देणार?

म्हणून माझी मागणी अशी आहे की चार वर्षांनी घरी जाणाऱ्या ७५ टक्के अग्निवीरांना वाऱ्यावर सोडू नका. जाहीर झालेल्या योजनेत त्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा एकरकमी सेवानिधी आहे, त्यातला अर्धा त्यांच्याच पगारातून कापलेला. निमलष्करी दलांत आरक्षण आहे. राखीव दल मात्र नाही. १९७६ पूर्वी शिपायाची सेवा लहान होती आणि त्यानंतर काही वर्षं त्याचं नाव राखीव यादीत असे, गरज पडली की बोलावणं येई. लहान सेवा आपण परत आणली, तिच्याबरोबर येणारी यादी आणली नाही. चार वर्षं खर्च करून तयार केलेला पंचविशीच्या आतला माणूस एखाद्या मॉलच्या दारावर उभा राहणार आणि युद्ध आलं की आपण पुन्हा १,६०० मीटरपासून सुरुवात करणार, हे मला पटत नाही.

प्रादेशिक सेनेचा नमुना आपल्या समोर आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यात तिची ११८ वी बटालियन असते. मे २०२५ मध्ये सिंदूर मोहिमेच्या वेळी सरकारने प्रादेशिक सेनेला बोलावण्याचे अधिकार सेनाप्रमुखांना दिले, ३२ पैकी १४ पायदळ बटालियन उभ्या करण्याचं ठरलं. नोकरीधंदा सांभाळणारी माणसं वर्षातले काही दिवस गणवेश घालतात आणि वेळ आली की हजर होतात. अग्निवीरांसाठी हेच करता येईल. दहा वर्षं राखीव यादीत नाव, वर्षातून तीन आठवडे आपल्याच रेजिमेंटच्या केंद्रावर सराव, महिन्याचा ठरलेला भत्ता, घरच्यांना लष्करी दवाखान्याची सोय, आणि त्या तीन आठवड्यांसाठी मालकाने नोकरीवरून काढू नये असा कायदा. विदर्भातल्या पोरांना कामठीचं गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र जवळ आहे. ज्याने तोफखान्यात चार वर्षं काढली त्याला निर्माणीत प्राधान्य द्या. गोळा डागलेला माणूस गोळा बनवताना हलगर्जीपणा करणार नाही.

खर्च येईल. पेन्शनपेक्षा तो बराच कमी असेल, आणि त्यातून मिळणारं सैन्य कागदावरचं नसेल. उलट बाजूने कोणी म्हणेल की हत्यार चालवायला शिकलेली एवढी माणसं समाजात मोकळी सोडणं बरं नाही. ती तर चार वर्षांनी तशीही परत येणार आहेत. यादीत असतील, दरवर्षी जुन्या सोबत्यांना आणि सुभेदारसाहेबांना भेटत असतील, तर त्यांची विचारपूस करणारं कोणी तरी असेल.

पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ ला सुरू झालं होतं. म्हणजे २०२६ च्या अखेरीस त्यातली बहुतेक पोरं ट्रंका घेऊन घरी निघतील. पुलगावच्या पोराला मी विचारलं, चार वर्षांनी परत बोलावलं तर जाशील का? त्याने चहाचा कप खाली ठेवला. "बोलावलं तर जाईन ना काका. पण बोलावतीन कसे? पत्ता कुठी राहीन त्यांच्यापाशी?" ती नोंदवही पहिली तुकडी सुटायच्या आधी उघडली पाहिजे. एकदा ही पोरं पुण्या-सुरतेच्या सिक्युरिटी एजन्स्यांत आणि गोदामांत पांगली की प्रत्येकाला हुडकून काढायला सरकारला पोलीस पाटलांच्या दारी जावं लागेल.